जागेच्या व्यवहारातील थकलेले येणे

आपल्या धान्यबाजारात उधारीची वसुली कशी होते, हे व्यापारी बंधूंना मी सांगावे असे नाही. ज्वारीची वा तांदळाची गाडी उतरली की मालाची रक्कम खात्यावर नावे पडते; पंधरवडा, फार तर महिना, ही मुदत उभयतांस ठाऊक असते; आणि मुदत टळली तर पुढची गाडी उतरत नाही. गिऱ्हाइकास आठ दिवसांनी पुनश्च आपल्याच पेढीची पायरी चढावयाची असते, ही आपली खरी जामीनकी. म्हणून आपण तगादा सौम्य शब्दांत करतो, कागद फारसे करीत नाही, आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी बहुतेक येणी येऊन मिळतात. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे मी असाच व्यापार केला आणि त्यात बुडाले ते फार थोडे.

परंतु जागा घेणारा मनुष्य एकदाच पायरी चढतो. त्यास आपल्याकडून दुसरी जागा घ्यावयाची नसते. आपल्या पेढीच्या सवयी घेऊन आपण त्याच्यापाशी तगाद्यास गेलो म्हणजे काय होते, याचा अनुभव मला नऊ वर्षे आला. तो आपल्या स्मरणिकेत लिहावा असा काही मित्रांचा आग्रह पडला, कारण पेठेतील जुन्या वखारी व परसे बिल्डरांस देण्याचे प्रसंग आता घरोघर येत आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. कायद्याची जी माहिती येथे देत आहे ती वकिलांच्या पायाशी बसून, आणि पैसे मोजून, मिळालेली आहे.

आमच्या वडिलांची दहा गुंठ्यांची वखार होती. २०१५ सालच्या मार्च महिन्यात आम्ही ती एका बिल्डरास विकली. वारस चौघे : थोरले बंधू, मी, धाकटा भाऊ आणि निपाणीस दिलेली आमची धाकटी बहीण. किंमत ठरली १ कोटी ८० लाख, म्हणजे प्रत्येकी ४५ लाख. खरेदीखताच्या दिवशी १ कोटी २० लाख मिळाले. उरलेल्या ६० लाखांचे पुढच्या तारखांचे तीन चेक बिल्डरने दिले : ३० जून, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर २०१५, प्रत्येकी २० लाखांचे. चेकांचे क्रमांक व तारखा खरेदीखतात नमूद झाल्या आणि ‘येणेप्रमाणे संपूर्ण मोबदला पावला’ अशी ओळ खाली घातली गेली. ती ओळ आम्ही वाचली, आणि चेक हातात आहेत तेव्हा पावलाच की, असे म्हणून सह्या केल्या.

पहिला चेक वटला. त्यासह जे १ कोटी ४० लाख हाती आले त्यांतून आम्ही तिघा भावांनी आपापले ४५ लाख पुरते घेतले, बहिणीस ५ लाख दिले, आणि तिचे उरलेले ४० लाख पुढील दोन चेकांतून द्यावयाचे ठरविले. असे का ठरविले, याचे समर्थन आज मला करता येत नाही. धाकट्यास दुकान वाढवावयाचे होते, थोरल्यांच्या घरी लग्न होते, माझ्यापाशीही कारण होतेच. बहिणीस घाई नव्हती, निदान ती तसे म्हणाली. चेक म्हणजे पैसाच अशी आमची समजूत होती. प्रत्येक हप्ता चौघांत सारखा वाटला असता तर पुढचा तोटा चौघांवर पडला असता आणि तगाद्याची धारही चौघांची राहिली असती.

दुसरा चेक भरण्याच्या आदल्या दिवशी बिल्डरचा फोन आला, “शेठजी, उद्या चेक टाकू नका, बँकेचे कर्ज मंजूर होत आले आहे, आठ दिवस थांबा.” आम्ही थांबलो. आठाचे पंधरा झाले, पंधराचे नव्वद. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चेकची मुदत तीन महिन्यांची झालेली आहे. पूर्वी ती सहा महिन्यांची असे. आमच्या डोक्यात अद्याप सहा महिनेच होते. चेक मेला तो आमच्या तिजोरीत, बँकेच्या दारात नव्हे.

तिसरा चेक आम्ही भरला व तो शिल्लक नसल्याच्या शेऱ्यासह परत आला. त्या वेळी आमच्या हाती एक बळकट हत्यार होते, ते असे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यास १९८८ साली जोड देऊन त्यात १३८ वे कलम घालण्यात आले व ते १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. त्यान्वये चेक न वटणे हा गुन्हा ठरतो. पण तारखा काटेकोरपणे पाळाव्या लागतात. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावयाची, नोटीस पावल्यापासून समोरच्यास १५ दिवस, आणि त्याने त्या १५ दिवसांत पैसे न दिल्यास पुढील एका महिन्यात फिर्याद. आमचा चेक परत आला आणि त्याच आठवड्यात बिल्डर सुक्या मेव्याची पेटी घेऊन घरी आला. थोरल्या बंधूंच्या पाया पडून म्हणाला, “आपल्यात नोटिसा कशाला?” आम्हांसही ते पटले. ज्याने घरी येऊन पाणी घेतले त्यास वकिलामार्फत नोटीस पाठविणे आमच्या पेठेत शोभत नसे. तीस दिवस गेले. चेकची मुदत संपेपर्यंत तोच चेक पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आला तर नोटिशीचे तीस दिवस नव्याने मिळतात, हे मला पुढे सहा वर्षांनी कळले.

त्यानंतर भेटी, फोन आणि आश्वासने यांत दीड वर्ष गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये फार मिनतवारी केल्यावर त्याने ५ लाखांचा एक चेक दिला व तो वटला. ती रक्कम बहिणीकडे गेली. बाकी राहिली ३५ लाख. या पाच लाखांना आम्ही त्या वेळी अपमान समजलो होतो. पुढे त्यांनीच आम्हांस तारले.

एक गोष्ट आणखी. व्यवहार मार्च २०१५ मधला, म्हणून भांडवली नफ्यावरील आयकर त्याच वर्षाचा. कर विक्रीच्या पूर्ण किमतीवर आकारला जातो, पैसे हाती आले की नाही हे त्यात पाहिले जात नाही. हाती केवळ ५ लाख आले असता बहिणीने ४५ लाखांच्या हिशेबाने कर भरला, आणि तो तिच्या यजमानांची ठेव मोडून. हे तिने आम्हांस सांगितले नाही. सनदी लेखापालाकडून कळले.

आता मुदतीचा विषय, जो या लेखाचा गाभा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत दिसते की, येणे वहीत आहे तोवर ते जिवंत आहे. वस्तुतः १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे जागा विकणाऱ्यास राहिलेल्या किमतीसाठी खरेदीदारावर व्यक्तिशः दावा करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. ती टळल्यावर प्रतिवादीने हरकत न घेतली तरी न्यायालयाने दावा फेटाळावयाचा असतो. तगादा किती वेळा केला, किती जोडे झिजविले, यास तेथे किंमत नाही. मुदत नव्याने सुरू होण्याचे मार्ग मुख्यतः दोन : देणेकऱ्याने मुदत संपण्यापूर्वी सही करून दिलेली लेखी कबुली, अथवा मुदतीच्या आत दिलेला अंशतः भरणा, ज्यास त्याच्या सहीचा अथवा हस्ताक्षराचा लेखी आधार आहे. तोंडी कबुली शंभर माणसांसमोर दिली तरी ती या कामी निरुपयोगी. मुदत टळून गेल्यावर मिळालेली कबुलीही पुरत नाही. त्या वेळी १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे ‘मी देईन’ असे स्पष्ट वचन सहीनिशी घ्यावे लागते. तेव्हा दिवाळीस मिठाईऐवजी ‘आजअखेर आपले अमुक इतके देणे आहे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी सहीसह मागावी. देणारा रागावला तर तो रागही पुष्कळ काही सांगून जातो.

आमच्या प्रकरणात २०१७ चा पाच लाखांचा चेक हा सहीचा भरणा ठरला व मुदत ऑगस्ट २०२० पर्यंत लांबली. तेवढ्यात कोरोनाची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. १५ मार्च २०२० रोजी आमचे पाच महिने शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजले गेले. ज्या साथीने २०२१ मध्ये आमचे थोरले बंधू नेले, तिच्यामुळेच आमचे येणे कायद्याने जिवंत राहिले. याविषयी अधिक लिहवत नाही.

बंधू गेल्यानंतरच्या दिवाळीत मी हिशेब घातला. एकूण १ कोटी ४५ लाख आले होते. सारखी वाटणी केली तर प्रत्येकास सव्वाछत्तीस लाख पडतात. म्हणजे माझ्याकडे बहिणीचे पावणेनऊ लाख जादा होते. ते मी तिच्या खात्यावर पाठविले. चौथ्या दिवशी ते परत आले, आणि तिचा फोन. “अण्णा, हे तू दिलेस की मग त्याच्याकडे मागायला कोण जाणार? मला पैसे त्याच्याकडून आणून दे.” इतक्या वर्षांत तिने या विषयावर बोललेली ही पहिली दोन वाक्ये.

मग मी कागद जमवू लागलो. खरेदीखताची सहीशिक्क्याची नक्कल, सब-रजिस्ट्रार कचेरीतून त्या जागेचा बोजाचा दाखला, चौघांच्या बँकखात्यांचे उतारे, परत आलेला चेक व बँकेचे पत्र. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचा प्रत्येकाचा करकपातीचा उतारा फार कामी आला. पन्नास लाख व त्याहून अधिक किमतीची जागा घेणाऱ्याने शेकडा एक कर कापून भरावयाचा, हा नियम १ जून २०१३ पासून आला होता. बिल्डरने कर प्रत्येक भरण्याच्या वेळी कापला होता. सबब त्याने केव्हा व किती दिले याची तारीखवार साक्ष त्याच्याच हातून सरकारात जमा झालेली होती.

वकिलांनी प्रथम एक प्रश्न विचारला, “इमारतीत अजून न विकलेले काय आहे?” मला त्याचा रोख कळेना. त्यांनी समजावून सांगितले ते असे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात, मालकी खरेदीदाराकडे गेली पण किंमत पुरती मिळाली नाही तर राहिलेल्या रकमेचा बोजा त्या मालमत्तेवर विक्रेत्याच्या हक्कात बसतो, असे म्हटले आहे. ताबा दिल्यापासूनचे व्याजही त्यात येते. हा बोजा खुद्द खरेदीदाराच्या हाती असलेल्या मालमत्तेवर चालतो आणि पैसे राहिल्याची जाण असताना पुढे घेणाऱ्यावरही चालतो. पण अजाणता, योग्य मोल देऊन घेणाऱ्यावर चालत नाही. अशा बोजाच्या वसुलीस मुदत तीन नव्हे, बारा वर्षांची आहे. आमच्या वखारीच्या जागी चार मजले उभे होते. वरची घरे विकली गेली होती. त्या कुटुंबांना आमच्या पैशांची काय कल्पना? त्यांच्या दारी जाणे आम्हांसही रुचले नसते. तळमजल्यावरची रस्त्याकडील दोन दुकाने मात्र चढ्या भावाच्या आशेने बिल्डरने स्वतःकडे ठेवली होती.

येथे खरेदीखतातील त्या ओळीचा विचार करणे प्राप्त आहे. ‘संपूर्ण मोबदला पावला’ असे लिहून दिले म्हणजे विक्रेत्याचा हक्क अजिबात संपतो असे नाही. पैसे प्रत्यक्षात आले नाहीत हे पुराव्याने दाखविता येते. परंतु सिद्ध करण्याचे ओझे आपल्या शिरावर येते आणि पुढील खरेदीदारास ‘आम्हांस काय ठाऊक’ म्हणण्याची सोय होते. त्याऐवजी ‘इतके मिळाले, इतके अमुक तारखेपर्यंत येणे आहे, तोवर त्याचा बोजा या मिळकतीवर राहील’ असे नोंदणीच्या दस्तातच लिहिले असते, तर पुढे घेणाऱ्या प्रत्येकास ते ठाऊक आहे असेच कायदा धरून चालला असता. बिल्डर अशा ओळीस नाखूश असतो, कारण मग बँक त्यास कर्ज देताना थबकते. तेवढ्यासाठीच ती ओळ घालावी. न घालील तर पैसे पुरते आल्यावर खरेदीखत करावे.

कित्येकांचा समज असतो की, पैसे आले नाहीत तर खरेदीखतच रद्द करून घेऊ. मीही वकिलांपाशी प्रथम हेच बोललो. त्यांनी सुरतेकडील शेतजमिनीच्या एका खटल्याचा ९ जुलै २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पुढे ठेवला. तेथील मालकांनी २ जुलै २००९ रोजी १ कोटी ७४ लाख २ हजार रुपयांस जमीन विकली. किमतीपोटी ३६ चेक दिल्याचे खतात लिहिले होते. मालकांचे म्हणणे असे की, त्यांपैकी केवळ सहा चेकांचे मिळून ४० हजार रुपये पदरात पडले. खत रद्द करण्यासाठी ते न्यायालयात आले डिसेंबर २०१४ मध्ये. मधल्या काळात जमीन पुढे तिसऱ्यास विकली गेली होती. न्यायालयाने म्हटले की, किंमत ‘दिलेली, देऊ केलेली, किंवा अंशतः दिलेली व अंशतः देऊ केलेली’ असली तरी नोंदणी झाली की विक्री पुरी होते. किंमत राहिली एवढ्याने खत रद्द होत नाही. राहिलेल्या पैशांसाठी विक्रेत्याचे इतर उपाय वेगळे. शिवाय मुदतही टळली होती. दावा पुराव्याच्या पायरीपर्यंतही न पोहोचता नामंजूर झाला. छत्तीस चेकांची ती हकीकत वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्यात व त्यांच्यात अंतर थोडे होते.

रेराचा, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, उपयोग होईल का असेही मी विचारले. तो कायदा मुख्यत्वे घर घेणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, जागा विकून मोकळ्या झालेल्या मालकास त्यातून फारसे मिळण्याजोगे नाही, असे उत्तर मिळाले. ज्यांनी पैशांऐवजी बांधलेल्या घरांचा हिस्सा घेण्याचा करार केला असेल त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी आपला कागद स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

जून २०२२ मध्ये नोटीस गेली, आम्हा दोघा भावांच्या, बहिणीच्या व थोरल्यांच्या वारसांच्या नावाने, व्याजाच्या मागणीसह. व्याजाचा उल्लेख मुद्दाम केला. दस्तात दर लिहिलेला नव्हता, आणि पेठेतला शेकडा दीडचा प्रघात न्यायालयात आपोआप चालत नाही. १९७८ च्या व्याजाच्या कायद्याप्रमाणे देण्याची तारीख लेखात ठरलेली असेल तर तेव्हापासून, नसेल तर व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीपासून न्यायालय व्याज देऊ शकते. साधे पत्र टाकताना आपण ‘व्याजासह’ हा एक शब्द संकोचाने गाळतो, तो गाळू नये.

नोटिशीचे उत्तर आले. त्यात लिहिले होते की, सर्व बाकी डिसेंबर २०१६ अखेर रोखीने थोरल्या बंधूंच्या हाती दिली आहे.

ते हयात नव्हते. त्या उत्तराचा अर्थ असा होत होता की, आमच्या बंधूंनी बहिणीचे ४० लाख गिळून पाच वर्षे तिच्या तोंडाकडे पाहिले. त्यांचा मुलगा ते पत्र हातात धरून माझ्या दुकानात बसून राहिला. इतके दिवस हा पैशांचा प्रश्न होता, त्या दिवसापासून तो राहिला नाही.

पण खोट्यास तारखांचे भान राहत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सारे चुकते केले असेल तर ऑगस्ट २०१७ मध्ये पाच लाखांचा चेक कशासाठी दिला? शिवाय १ जून २०१५ पासून जागेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी घातली होती, आणि घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होता. चाळीस लाख रोख दिले म्हणणाऱ्यापाशी पावतीचा कपटा नव्हता. आणि बंधूंचा रोजमेळ होता. ते चहाचे दहा रुपयेसुद्धा लिहीत. नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंद ग्राह्य असते, परंतु केवळ नोंदीवरून कोणास देणेकरी ठरविता येत नाही, असा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता व १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तरी चेक, बँकेचे उतारे आणि करकपात यांच्या जोडीस त्या वह्या उभ्या राहिल्या म्हणजे त्यांस वजन येते. २०१६ चा डिसेंबर आम्ही पानोपान दाखविला. त्यात नातवाच्या गणवेशाचा खर्च होता.

दावा १८ जुलै २०२२ रोजी, म्हणजे मुदत संपण्यास काही दिवस उरले असता, दाखल झाला : रक्कम, व्याज, आणि दोन दुकानांवरील बोजा. दुकाने विकू नयेत म्हणून मनाई हुकमाचा अर्ज केला, तो दिवाळीपूर्वी मंजूर झाला. सात वर्षे जो मनुष्य ‘आठ दिवसांत पाहू’ म्हणत होता, तो त्या दुकानांस गिऱ्हाईक आल्याबरोबर आपण होऊन मध्यस्थीस तयार झाला. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात पाच बैठका झाल्या. मुद्दल ३५ लाख व व्याजापोटी ७ लाख असा तडजोडीचा हुकूमनामा मार्च २०२४ मध्ये झाला. व्याजाचा आकडा कोणी माझ्या पेढीवर असा आणला असता तर मी हसलो असतो. पण बहिणीचे म्हणणे पडले की, बंधूंना रोख दिल्याचे विधान त्याने लेखी मागे घ्यावे आणि मग व्याजाची ओढाताण करू नये. त्याने ते मागे घेतले. शेवटचा हप्ता डिसेंबरात बँकेमार्फत थेट निपाणीस जमा झाला. व्याजाचे सात लाखही तिच्याच खात्यावर गेले. त्यात वाटणीचा प्रश्न कोणी काढला नाही.

न्यायालयात दाखल केलेले बंधूंचे रोजमेळ पुढे परत मिळाले. ते कापडात बांधून मी त्यांच्या मुलाच्या स्वाधीन केले, आणि माझ्या वहीतले बहिणीचे खाते बाकी शून्य दाखवून बंद केले.